सात इंची चकती

राखी आडे पॉलिशचं काम पुण्याकडच्या एका कारखान्यात शिकली. लग्नानंतर ती अन् तिचा नवरा बादल चार वर्षं तिकडे होते. तो वेल्डिंगला होता, ती सुरुवातीला झाडलोटीला. पॉलिशच्या ओळीतला एक माणूस आजारी पडला तेव्हा रामधन मिस्त्रीनं तिला हाक मारली, "ये बेटी, ही चकती धर." तिथून ती शिकतच गेली.

रामधन फार बोलायचा नाही, पण जे बोलायचा ते पक्कं असायचं. आधी पाइपाकडे नीट बघायचं, मगच चकतीला हात घालायचा. वेल्डचा गोळा असेल तर जाड चकती, नुसता ओरखडा असेल तर पेपरची, तीही ओळीनं, ऐंशी नंबरची, मग एकशेवीस, मग दोनशे चाळीस. एक पायरी गाळली की शेवटी ती दिसतेच. लोखंडी ब्रश स्टीलला कधी लावायचा नाही. त्याचे कण रुततात अन् पावसाळ्यात स्टीलवर गंज फुटतो. शेवटची चमक आणणारं कापसाचं चाक मात्र हळू फिरणाऱ्या मशीनवरच, नाहीतर स्टील तापून निळं पडतं. "रंगाच्या कामात पाप झाकता येतं," तो म्हणायचा, "आपलं काम उघड्या धातूचं."

पुढे सासूचे, सोनीबाईचे, डोळे गेले तसे दोघं बोरी अरबजवळच्या आपल्या बंजारा तांड्यावर परतले. दारव्ह्याला बाबारावचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. बादलला त्यानं लगेच ठेवून घेतलं. बाई पॉलिश करते म्हटल्यावर मात्र तो हसला होता. राखीनं पहिला कठडा करून दिला अन् त्याचं हसू थांबलं. महिन्याभरात दुकानाच्या पाटीवर 'आरशासारखं पॉलिश' ही ओळ वाढली. गिऱ्हाईक यायचं ते तीच ओळ वाचून.

दुकानात तिसरा होता कपिल. बोरी अरबच्या किसनराव पाटलाचा थोरला, वय सव्वीस. कटिंग अन् घासायचं काम त्याच्याकडे. घरी कपाशी-तुरीचं वावर होतं, पण याचा जीव मशीनमध्ये. राखीला तो वयनी म्हणायचा. सकाळच्या बसमध्ये तिच्यासाठी जागा धरायचा, अन् हिवाळ्यात त्याची आई तानाबाई त्याच्या डब्याबरोबर राखीलाही तुरीच्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची आमटी पाठवायची. "माय म्हणते, तांड्यावरच्या पोरीले आपल्या हातचं आवडते," असं म्हणून तो डबा पुढे करायचा. स्वतःचं दुकान काढायचं असं त्याच्या मनात होतं. पॉलिशचं सगळं तो राखीला विचारून घ्यायचा. पण त्याच्या हाताला दम नव्हता. दोन मिनिटांत होणारं काम त्याला एका मिनिटात करायचं असायचं.

गेल्या मार्चमध्ये एका मंगल कार्यालयाचं काम आलं. जिन्याचा कठडा, वर गच्चीचा कठडा, समोरचं फाटक, सगळं स्टेनलेसचं. उद्घाटन शनिवारी. सोमवारी राखीची पॉलिशची मशीन बंद पडली. वेग कमी-जास्त करायचं बटण जळालं होतं, वास दुकानभर पसरला.

"भाऊ, मशीन यवतमाळले दुरुस्तीले पाठवा," ती बाबारावला म्हणाली, "नाईतं दुसरी तरी आणा."

"शनवारी उद्घाटन आहे वं बाई. दुरुस्तीवाला चार दिवस घेईल. तुहं ते कापूस ल्हान ग्रायंडरवर लाव."

"त्याचे फेरे लय आहे भाऊ. माह्या मशीनच्या चौपट पळते थो. स्टील निळं पडते."

"मंग हळू दाब. तुले कोणी सांगावं, मिस्त्रीन आहेस तू."

राखीनं ते ग्रायंडर उचललं. लहान ग्रायंडर चार इंची. त्याच्या चकतीवर लोखंडी गार्ड असतो. कापसाचं चाक जाड, ते गार्डमध्ये मावेना. तिनं पाना घेतला, गार्ड काढला अन् खिडकीत ठेवला. दिवसभर जपून काम केलं, संध्याकाळी गार्ड परत बसवला. मंगळवारीही तसंच केलं. बुधवारी बसची वेळ झाली होती, बादल मोठं ग्रायंडर घेऊन कार्यालयावर फिटिंगला गेलेला, सोनीबाई घरी एकटी. उद्या पुन्हा काढायचाच आहे, असं म्हणून तिनं गार्ड खिडकीतच राहू दिला.

गुरुवारी सकाळी साडेदहा-अकराचा सुमार. पत्रे तापायला लागले होते. जिन्याच्या वळणाचा तुकडा राहिला होता अन् त्याच्यावर वेल्डच्या टाक्यांचे दोन मोठे गोळे होते. ते घासून सपाट झाल्याशिवाय राखीला तो हातात घेता येत नव्हता. कपिलनं डबा धुंडाळला. चार इंची चकत्या संपल्या होत्या.

"भाऊ, चकती नाई," त्यानं आवाज दिला.

बाबाराव फोनवर कार्यालयाच्या मालकाशी बोलत होता. हातानंच त्यानं खूण केली, जे आहे त्याच्यात भागव.

कोपऱ्यात मोठ्या ग्रायंडरच्या चकत्यांचं खोकं होतं. सात इंची. कपिलनं त्यातली एक उचलली. तिचं भोक मोठं पडत होतं, म्हणून वायसर टाकून ती लहान ग्रायंडरवर बसवली. राखी चार हात अंतरावर बसून दुसऱ्या तुकड्याला पेपर घासत होती. तिनं पाहिलं.

"कपिल, थे मोठ्या मशीनची होय."

"मालूम आहे वयनी. दोनच टाके घासाचे आहे."

"आकडा पाह्य तिच्यावरचा. इतके फेरे नाई सोसत थे."

"तुमचा आकडा अन् तुमचा पेपर!" तो हसला. "ह्या हिशोबानं आपण पुढच्या शनवारी बी इथंच असू."

राखीच्या तोंडावर आणखी एक वाक्य आलं होतं. पण त्याच वेळी तिच्या मनात हेही आलं की त्यानं तेवढे दोन टाके सपाट केले तर जेवणाआधी वळण आपल्या हातात येईल. तिनं मान खाली घातली अन् पेपर घासू लागली.

ग्रायंडर सुरू झालं. आवाज नेहमीपेक्षा जाड होता. मग फटाका फुटावा तसा एक आवाज झाला अन् पत्र्यावर काहीतरी आदळलं.

कपिल उभाच होता. दोन्ही हात पुढे, मशीन हातातच, जणू कोणी त्याला हाक मारली असावी. जबड्याखालून गळ्यापाशी त्याचा सदरा लाल होत गेला. मग मशीन सुटली अन् तो गुडघ्यावर आला. राखी धावली. तिच्या हाताशी कापसाचं कोरं चाक होतं, तेच तिनं जखमेवर दाबून धरलं. ते भिजायला वेळ लागला नाही. कपिल तिच्याकडे बघत होता. काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता, पण आवाज निघत नव्हता.

बाबारावनं रस्त्यावरचा ऑटो थांबवला. दवाखान्यात डॉक्टरांनी जमेल ते केलं अन् यवतमाळला न्यायला सांगितलं. अॅम्ब्युलन्समध्ये राखी बसली. लाडखेडच्या पुढे गेल्यावर तिच्या हातातला हात सैल पडला. बरोबरच्या माणसानं छातीवर दाबून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, अन् मग ड्रायव्हरला म्हणाला, "हळू चाल आता."

संध्याकाळी पोलीस दुकानात आले. त्याआधी बाबाराव राखीला मागच्या बाजूला घेऊन गेला. त्याचे डोळे सुजलेले होते. तोही रडला होता, ते काही ढोंग नव्हतं.

"राखी, पाह्य. साहेब विचारतीन. गार्ड कपिलनंच काढला म्हणजो. मी मना केलतं म्हणजो."

"भाऊ..."

"तू काढला म्हणून सांगशील तं तूच आत जाशील. माहं दुकान बंद होईल, तुहा नवरा बी घरी बसंल. मेलेल्याचं आता काय बिघडते?"

राखीनं तसं सांगितलं नाही. पण खरंही सांगितलं नाही. "मी माह्या कामात होती, मी नाई पाह्यलं," एवढंच ती म्हणाली. बाबारावनं उरलेलं सांगितलं. कागदावर लिहिलं गेलं की कामगारानं उतावळेपणानं स्वतःच गार्ड काढून चुकीची चकती लावली. खाली राखीनं सही केली. तिच्या नखांत अजून लाल होतं.

शनिवारी कार्यालयाचं उद्घाटन ठरल्याप्रमाणे झालं. वळणाच्या टाक्यांवर कोणीतरी चंदेरी रंग मारून दिला होता.

राखी कामावर गेली नाही. बादल जात राहिला. बोरी अरबच्या बाजारातून तो रोज काही ना काही ऐकून यायचा. चहाच्या ठेल्यावर लोक बोलत होते, पोरगा हुशार होता पण उतावळा, मालकानं मना केलं तरी ऐकलं नाही. सगळ्यांत जास्त किसनरावच बोलत होता. भर चौकात, लोक सांत्वनाला आले की तो म्हणायचा, "गाढव होता. आपल्या हातानं मेला. मायले-बापाले जन्मभराचं रडणं देऊन गेला." तानाबाई घरात रडायला लागली की तो बाहेरून ओरडायचा, "कोणासाठी रडून राह्यली?" बादलनं हे सांगितलं त्या दिवशी राखीनं ताट तसंच सरकवलं.

तेरवी होऊन चार-पाच दिवस झाले असतील. सकाळी राखी अंगणात सारवत होती. तांड्याच्या वाटेनं एक बाई चालत येताना दिसली, पदर डोक्यावर ओढलेला. जवळ आल्यावर राखीनं ओळखलं, तानाबाई. उन्हात दोन किलोमीटर पायी आली होती. सोनीबाईला दिसत नव्हतं, पण पावलांवरून परकं माणूस कळलं. तिनं खाट सरकवली, सुनेला पाणी आणायला लावलं.

तानाबाई खाटेवर बसली नाही. ओट्याच्या कडेला टेकली.

"मी भांडाले नाई आली," ती म्हणाली. "तू त्याच्या आंगावर हात ठेवून बसली होती, मले मालूम आहे. मले एकच सांग. ल्हानपणी थो पंख्याजवळ बी जात नोता. बोट कापलं तं दिवसभर मले दाखवे. त्यानं काहून काढला असंल गार्ड?"

राखी पाणी घेऊन आली होती. तिनं पेला तानाबाईजवळ ठेवला अन् समोर जमिनीवर बसली.

"त्यानं नाई काढला मावशी. मी काढला."

सोनीबाईनं, आई गं म्हणावं तसा, "याडी!" असा आवाज केला अन् सुनेच्या दिशेनं हात पुढे केला. राखीनं तो बाजूला सारला.

"माही मशीन जळालती. मालक म्हणे ल्हान ग्रायंडरवर कर. माहं चाक बसेना म्हणून मी गार्ड काढला. रोज संध्याकाळी लावत जाओ. बुधवारी नाई लावला. गार्ड असता तं थे मोठी चकती त्याच्यावर बसलीच नसती. बसूच शकत नाई."

तानाबाई ऐकत होती.

"थो चकती लावतानी तुनं पाह्यलं?"

राखीला वाटलं, इथं खोटं बोललं तर कोणालाच कळणार नाही. बाबाराव फोनवर होता, चकतीपाशी कपिल अन् ती, दोघंच होते.

"पाह्यलं."

"मंग?"

"म्हणलं त्याले, हे मोठ्या मशीनची होय म्हणून. थो हासला. मंग मी माह्या कामाले लागली."

"एकदाच म्हणलं?"

"दोनदा."

"तिसऱ्यांदा काहून नाई म्हणलं?"

राखीकडे त्याचं उत्तर होतं अन् ते तिनं दिलं. "मले जेवणाआधी थे वळण हातात पायजे होतं."

शेजारच्या घरात रेडिओ लागला होता, तो कोणीतरी बंद केला. तानाबाई उठली. पाण्याला तिनं हात लावला नव्हता.

"मले सांगून काय होते," ती म्हणाली. "त्याच्या बापाले सांग. तुह्या तोंडानं सांग."

त्या संध्याकाळी बादल कामावरून आला अन् त्याला हे कळलं तेव्हा तो फार चिडला. "तुले कोणं विचारलं होतं? पोलिसाचा कागद झाला, तेरवी झाली. आपण कायले आंगावर घ्याचं? उद्या गाव म्हणंल, तांड्यावरच्या बाईनं पाटलाचा पोरगा मारला."

"म्हणू दे."

"अन् मी? बाबाराव मले ठेवंल?"

"नाई ठेवणार," राखी म्हणाली. "मले मालूम आहे."

बादल तिच्याकडे पाहत राहिला. मग बाहेर जाऊन बसला. सोनीबाई मधल्या खोलीत बोटांनी आपली पोत चाचपत होती.

दुसऱ्या दिवशी राखी किसनरावच्या घरी गेली. एकटीच. किसनराव अंगणात तुरीच्या पोत्याचं तोंड शिवत बसला होता. तिनं उभ्यानंच सांगितलं, तानाबाईला सांगितलं तेच, त्याच क्रमानं. शिवायचा दाभण त्याच्या हातात थांबला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं.

"मोठ्यानं सांग." तो उठला, फाटकापाशी गेला अन् शेजारच्यांना हाका मारू लागला. "बाबू, इकडे ये. श्रावण, ये रे. सगळे या. ऐका हे काय म्हणते." माणसं जमली, बाया जमल्या. किसनराव राखीच्या समोर येऊन उभा राहिला. "सांग आता. गार्ड कोणं काढला?"

"मी काढला."

"कपिलनं काढला का?"

"नाई. त्यानं नाई काढला."

"मालकानं मना केलतं का?"

"नाई. मालक फोनवर होते. जे आहे त्याच्यात भागव, अशी हातानं खूण केली."

गर्दीतून कोणीतरी शिवी दिली. ती राखीला होती की मालकाला, ते तिला कळलं नाही. किसनराव तिच्या अंगावर येईल असं वाटून श्रावण मध्ये आला. पण किसनराव मागे सरकला, मागे सरकता सरकता भिंतीला टेकला अन् तिथंच खाली बसला. पोरगा गेल्यापासून त्याच्या डोळ्यातून पाणी आलं नव्हतं. आता तो तोंड उघडून रडू लागला, लहान पोरासारखा, लोकांची लाज न बाळगता. "मी त्याले गाढव म्हणलं," तो म्हणत होता. "चौकात म्हणलं. सगळ्याइसमोर म्हणलं माह्या लेकराले." तानाबाई आतून आली अन् त्याच्याजवळ बसली.

राखी उभीच होती. थोड्या वेळानं किसनरावनं मान वर केली.

"तू जाय," तो म्हणाला. "ह्या दारात पुन्हा येजो नको."

तिथून ती सरळ ठाण्यात गेली. ठाणेदारानं तिचं सगळं ऐकून घेतलं, जुना कागद काढला, वाचला. "बाई, हे आता सांगता?" तो म्हणाला. "ह्याच्यात तुमचं पण नाव येईल. निष्काळजीपणा तुमचा पण धरला जाईल. समजतं ना?"

"समजते."

"घरी विचारलं?"

"लिहा साहेब," राखी म्हणाली.

नाव आलं. बाबाराव पहिला, राखी दुसरी. बाबारावला दोन दिवस आत राहावं लागलं, मग जामीन झाला. राखीचा जामीन बादलनं मामाच्या वावराच्या कागदावर केला. पुढच्या आठवड्यात तो यवतमाळला एका शटरवाल्याकडे कामाला लागला. तिकडेच राहू लागला, रविवारी यायचा. राखीला पॉलिशचं काम कोणी दिलं नाही. दारव्ह्यातल्या तिन्ही दुकानांत ती जाऊन आली. एकानं तर स्पष्ट म्हटलं, काम तुमचं चांगलं आहे, पण तुम्ही बोलता. ती निंदायला जाऊ लागली, अन् बाबारावच्या पाटीवरची ती ओळ तशीच राहिली. पॉलिश आता तो बाहेरून करून आणतो म्हणे.

कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. बाबाराव वकिलाबरोबर येई अन् तिच्याकडे न बघता पलीकडच्या बाकावर बसे. किसनराव प्रत्येक तारखेला येई. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, दाराशी उभा. त्याला कोणी बोलावत नव्हतं, त्याची साक्ष अजून लागली नव्हती, तरी तो यायचा.

पावसाळा सरता सरता एक तारीख होती. आत गर्दी फार. राखीचं नाव पुकारलं, ती पुढे झाली, साहेबांनी काहीतरी लिहिलं, कारकून काहीतरी बोलला अन् तेवढ्यात मागून पुढचं नाव पुकारलं गेलं. ती बाहेर आली. पुढची तारीख तिला ऐकूच आली नव्हती. तिला सरकारकडून दिलेला वकील दुसऱ्या खोलीत गेला होता. ती पायऱ्यांवर थांबली, कोणाला विचारावं कळेना. बाबारावचा वकील तिच्या शेजारून निघून गेला.

किसनराव तीन पायऱ्या खाली चप्पल घालत होता. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "एकवीस तारीख दिली."

"हो," राखी म्हणाली.

"साडेदहाले."

तो पुढे चालू लागला. बोरी अरबची बस दोघांनाही तीच होती. तो समोरच्या सीटवर बसला, ती मागे, दारापाशी. बोरीला उतरल्यावर तो गावाकडे वळला अन् ती तांड्याच्या वाटेला लागली. दोन्ही बाजूंनी कपाशी कंबरेएवढी झाली होती. घरी पोचली तेव्हा सोनीबाई दारातच बसली होती.

"काय झालं?"

"काही नाई झालं," राखी म्हणाली. "एकवीसले पुन्हा जा लागते." अन् हातपाय धुऊन तिनं पीठ काढलं.